आधी लगीन नळाचं

गाडी धुण्याचं यंत्र घ्यायचं तर आधी गाडी हवी, असा आपला भाबडा समज असतो. गाडीचं काय, बँका मागे लागून कर्ज देतात. नळ कुणी देत नाही.

पुण्यातल्या कुठल्याही वीसेक वर्षं जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकावून बघा. नळ असतो, जिन्याखाली, मीटरच्या खोलीला लागून, गुडघ्याच्या उंचीवर. पण त्याच्या डोक्यावरची चावी काढून सेक्रेटरींच्या घरी ठेवलेली असते. कधीकाळी कुणीतरी तो नळ रात्रभर चालू ठेवला, सकाळी टाकी कोरडी पडली आणि अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत बी विंगमधून ज्या आरोळ्या आल्या, त्यांची नोंद मिनिट्स बुकात आहे. म्हणून हा नळ बंद असतो असं मात्र नाही. वॉचमन तो पकडीने उघडतो. गाड्या पुसणारे मामा स्वतःच्या खिशातली चावी लावतात. नळ उघडायची सोय नसते ती फक्त फ्लॅटच्या मालकांकडे.

तर अशा सोसायटीत तीनशे दोनने प्रेशर वॉशर मागवला. (सोसायटीत माणसाला नाव नसतं, नंबर असतो. नाव दारावरच्या पाटीवर आणि थकबाकीदारांच्या यादीत येतं.) तीनशे दोन हा आयटीतला चाळिशीचा सालस माणूस. मेंटेनन्स तारखेच्या आधी भरतो, त्यामुळे इतरांच्या मनातून जरा उतरलेला.

अशा खरेदीचं मूळ रात्री साडेअकराला बघितलेल्या व्हिडिओत असतं. काळीभोर गाडी, शेजारी हातमोजे घातलेला माणूस आणि त्याच्या हातातल्या बंदुकीतून निघणारा चक्क्यासारखा घट्ट, पांढरा फेस. बघता बघता गाडी दिसेनाशी होते. मग वरून खाली पाण्याचा एक फराटा, आणि आतून शोरूममधली गाडी बाहेर. बोलणं नाही, संगीत नाही, नुसता फस्स आवाज. दिवसभर मीटिंगा करून आलेल्या माणसाला यापेक्षा जास्त शांतता परवडत नाही. त्या व्हिडिओत नळ मात्र कधीच दाखवत नाहीत. पाइप डाव्या कोपऱ्यातून येतो, आणि कोपऱ्याच्या पलीकडे काय आहे हा प्रश्न रात्री साडेअकराला कुणाला पडत नाही. तीनशे दोनला तो रविवारी सकाळी सातला, खोकं उघडल्यावर पडला.

खोक्यातून यंत्र निघालं, पिस्तूल निघालं, पिस्तुलाच्या पुढची लांब नळी, पाच मीटरचा काळा ताठर पाइप, प्लास्टिकचे बरेचसे तुकडे आणि एक पुस्तिका. पुस्तिका जगातल्या झाडून सगळ्या भाषांत होती. फिनिश होती, मराठी नव्हती. चित्रातल्या माणसाच्या डोळ्यांवर गॉगल, पायांत गमबूट, हातांत मोजे. तीनशे दोनच्या अंगावर बर्म्युडा आणि पायांत स्लिपर. फेस पाडायची बाटली वेगळी मागवलेली होती, वेगळ्या कंपनीची, कारण तिला तारे जास्त होते. पुढच्या सगळ्या घडामोडींचं बीज या वेगळेपणात होतं.

खोक्यावर ठसठशीत छापलं होतं : 130 बार. (बार या शब्दावरचे सगळे विनोद आमच्या सोसायटीत पहिल्या दहा मिनिटांत करून झाले, ते इथे पुन्हा सांगत नाही.) एक बार म्हणजे साधारण दहा मीटर उंच पाण्याचा दाब. आमची टाकी चार मजल्यांच्या गच्चीवर, म्हणजे पार्किंगच्या नळाला फार तर सव्वा-दीड बार मिळतो. नुसत्या टाकीच्या जोरावर 130 बार आणायचे, तर ती सव्वातेराशे मीटर उंच बसवावी लागेल. कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे टाकी कळसूबाईच्या माथ्याच्या बरीच खाली आणि गाडी थेट अलिबागच्या किनाऱ्यावर, अशी व्यवस्था करावी लागेल. तेवढं काम हे गुडघ्याएवढं यंत्र करतं, हे ऐकल्यावर जमलेल्या मंडळींच्या चेहऱ्यांवर आदर उमटला. खोक्यावरचा आकडा कमाल दाबाचा असतो आणि प्रत्यक्ष काम त्याच्या बऱ्याच खाली चालतं, ही गोष्ट पुस्तिकेत आत बारीक अक्षरात असते. आदर उमटलेला असताना ती कुणी वाचत नाही.

पिस्तुलाबरोबर पाच रंगांच्या पाच तोट्या. लाल शून्य अंशाची, पिवळी 15, हिरवी 25, पांढरी 40 आणि काळी साबणासाठी. अंश जितके जास्त तितका पाण्याचा पंखा रुंद आणि मार सौम्य. लाल तोटीतून पाणी एका रेषेत सुटतं आणि जवळून मारलं तर गाडीच्या रंगाचा पोपडा उचलतं. गाडीला पांढरी किंवा फार तर हिरवी लावायची, तीही हातभर अंतर राखून. तीनशे दोनच्या मुलाने अर्थातच लाल उचलली होती. ती त्याच्या मुठीतून काढायला आईला खाली यावं लागलं.

मुळात हे यंत्र घरच्या गाडीसाठी जन्मलेलंच नाही. जर्मनीतल्या आल्फ्रेड कार्चर यांच्या कंपनीने 1950 मध्ये युरोपातलं पहिलं गरम पाण्याचं उच्च दाबाचं धुलाई यंत्र काढलं, ते धंद्याच्या धुलाईसाठी. घरच्या माणसाला उचलून नेता येईल असं यंत्र यायला 1984 उजाडलं. मधल्या काळात, 1980 मध्ये, याच कंपनीने रिओ दि जानेरोचा डोंगरावरचा येशूचा पुतळा धुतला. 2005 मध्ये अमेरिकेतल्या माउंट रशमोरवर कोरलेल्या चार राष्ट्राध्यक्षांची तोंडं धुतली. त्यांच्या नाकाडोळ्यांवर दगडफुलाच्या जातीचं काहीबाही उगवलं होतं. आपण असलं खरवडून गोड्या मसाल्यात घालतो. त्यांनी पाण्याच्या फवाऱ्याने घालवलं. पण राष्ट्राध्यक्ष धुताना नळाची चावी सेक्रेटरींच्या घरी नव्हती.

चावी मिळाली. (गाडी धुवायला हवी असं न सांगता, कुंड्यांना पाणी घालायचंय असं सांगून.) नळाला यंत्र जोडायचं म्हटल्यावर मग मुख्य गोष्ट लक्षात आली. यंत्राबरोबर आलेल्या जोडणीला नळाच्या तोंडावर बाहेरून आटे लागतात. परदेशातल्या बागेतल्या नळांना ते असतात म्हणे. आमच्या बिबकॉकचं तोंड गुळगुळीत. असणारच, आपल्याकडे नळाखाली बादली ठेवायची असते. पाइप लावायचाच झाला तर तो नळावर जोर लावून चढवतात, वरून सुतळी आवळतात, सुतळीवर फडकं बांधतात आणि फडक्यातून जेवढं पाणी गळेल तेवढं झाडांचं नशीब समजतात. दीड बारला हे चालतं.

तेव्हा हार्डवेअरचं दुकान. हार्डवेअरचं दुकान हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण त्याला वळसा घालून प्रेशर वॉशरकडे जाणारा रस्ता नाही. काउंटरमागे भिंतभर खण, प्रत्येक खणाच्या तोंडाला आतल्या मालाचा एक नमुना तारेने बांधलेला. मालक समोरच्या गिऱ्हाइकाचे खिळे तोलत असतो. मान वर न करता तो विचारतो,

"बोला साहेब."

"प्रेशर वॉशर नळाला जोडायला कनेक्टर हवा होता."

"अर्ध्याचा का पाऊणचा?"

"नेहमीचा असतो तो."

"नेहमीचे दोन्ही असतात. आतून आटे का बाहेरून?"

तीनशे दोनने हवेत बोटं फिरवून आटे दाखवायचा प्रयत्न केला. मालकाने पहिल्यांदाच वर पाहिलं आणि महाराष्ट्रातल्या यच्चयावत हार्डवेअर दुकानांचं ब्रीदवाक्य उच्चारलं :

"सॅम्पल आणलंय?"

सॅम्पल नळाला होतं आणि नळ भिंतीत होता. मोबाइलवरचा फोटो दाखवला. मालकाने तो बोटांनी मोठा केला, बाजूला वळवला आणि फोन परत देत म्हणाला, "फोटोत साइज कळत नाय साहेब. एक काम करा, नळच बदला. नोझलवाला कॉक देतो, त्याच्यावर पाइप सरळ बसतो, क्लिप मारा, विषय संपला." हे उत्तर बरोबर होतं. हार्डवेअरवाल्याचं पहिलं उत्तर सहसा बरोबरच असतं, पण आपण ते चार खेपा घालून, तीन चुकीचे तुकडे घेऊन, मग मान्य करतो. परत न घेतले गेलेले ते तुकडे आपल्या घरच्या डब्यात जातात. प्रत्येक मराठी घरात असा एक डबा असतो. त्यात कशाचेच आटे कशाला बसत नाहीत आणि तो टाकूनही देता येत नाही.

नळ बदलण्यासाठी प्लंबर आला. प्लंबरने टेफ्लॉन टेप काढली आणि गुंडाळायला सुरुवात केली. टेफ्लॉन गुंडाळणाऱ्या माणसाला मध्येच बोलू नये. त्याची तंद्री लागलेली असते. नवा कॉक बसला, पाइप चढला, क्लिप आवळली, पाणी यंत्रात शिरलं. मोटार लावण्याआधी पिस्तुलाचा घोडा दाबून धरायचा, म्हणजे पाइपातली आणि पंपातली हवा फुरफुर करत निघून जाते आणि मग पाण्याची सलग धार येते. ही पायरी गाळली तर पंप कोरडा फिरतो आणि वॉरंटीचा कागद शोधावा लागतो. तीनशे दोनने घोडा दाबला. हवा गेली, धार आली. मग पिस्तुलाच्या पुढे अडॅप्टर लावला, अडॅप्टरला फेसाची बाटली लावली, मोटार चालू केली, घोडा दाबला. बाटलीतून काही आलं नाही. अडॅप्टरच्या सांध्यातून मात्र पाण्याचं एक सुरेख छत्र उघडलं आणि जमलेल्या सर्वांवर समान पडलं.

"वायसर गेलाय," वॉचमन म्हणाला.

"टेप मारतो," प्लंबर म्हणाला, आणि त्याने मारली. पाणी तेवढंच आलं, फक्त आता पांढऱ्या चिंध्यांसकट.

या टप्प्यावर एकशे एक पुढे झाले. एकशे एक म्हणजे टेल्कोच्या टूल रूममधून निवृत्त झालेले काका. इतका वेळ ते पाठीमागे हात बांधून, पेपर काखेत धरून, काहीही न बोलता उभे होते. टेल्कोतून निवृत्त झालेला माणूस गप्प उभा असतो तेव्हा तो प्लंबरला उत्तरं संपवू देत असतो.

"थांब. कुणी हात लावू नका," म्हणून ते वर गेले आणि दहा मिनिटांनी खाली आले ते लाकडी डबी घेऊन. डबीत निळी मखमल, मखमलीवर व्हर्निअर कॅलिपर. त्यावर तेलाचा हात फिरवलेला. काकांनी आधी धोतरासारखा पांढरा स्वच्छ रुमाल काढून अडॅप्टर कोरडा केला, चष्मा कपाळावर चढवला, व्हर्निअर डोळ्यापाशी नेला आणि पार्किंगमध्ये शांतता पसरली. वरच्या गॅलरीतली भांडीसुद्धा वाजायची थांबली.

"बाहेरचे आटे बावीस मिलिमीटर. बरोबर. त्या नळीचेही बावीस. म्हणून बसतायत." पॉज. "आता आतली दांडी बघ. हिची चौदा. आणि हे भोक आहे..." व्हर्निअर सरकला. "चौदा पॉइंट नऊ. म्हणजे पंधराचं. तुझी दांडी चौदाची आणि घर पंधराचं. पाणी सुटणार नाही तर काय? आणि तुम्ही," काका प्लंबरकडे वळले, "आट्यांवर टेप गुंडाळताय. इथे पाणी आट्यांनी अडत नसतं, आतल्या ओ-रिंगने अडतं. आटे फक्त धरून ठेवायला."

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. प्रेशर वॉशरच्या दुनियेत बावीस मिलिमीटरचे आटे सर्रास असतात आणि त्यांच्या पोटात चौदा आणि पंधरा असे दोन पंथ आहेत. बाहेरून बघून कोण कुठल्या पंथाचा ते कळत नाही. आटे शेवटपर्यंत फिरतात, घट्ट बसल्यासारखं वाटतं, पत्रिका जुळल्यासारखी वाटते, आणि दाब आला की एक मिलिमीटरचा फरक सगळ्यांच्या अंगावर उडतो. हे कुठल्याच खोक्यावर लिहीत नाहीत. लिहिलं तर व्हर्निअर घरात असलेलेच लोक खरेदी करतील, आणि ते लोक खरेदी करत नाहीत. ते एकशे एकमध्ये राहून बाकीच्यांची वाट बघतात.

चौदाचा अडॅप्टर येईपर्यंत पुढचा रविवार उजाडला. या आठवड्यात विजेचा प्रश्न निघाला आणि मिटला, थोडक्यात सांगतो. यंत्र अठराशे वॉटचं, म्हणजे आठेक अँपिअर खेचणार, चालू होताना त्याच्या कितीतरी पट. त्याला जाड पिनांचा प्लग आणि पंधरा अँपिअरचा पॉइंट लागतो. पार्किंगमधला तसा एकमेव पॉइंट लिफ्टच्या खोलीत, कॉमन मीटरवर. पहिल्या रविवारी तोच वापरून झाला होता. कॉमन मीटर हा शब्द ऐकला की सेक्रेटरींच्या आवाजात बदल होतो. वीस मिनिटं यंत्र चाललं तर वीज जळते सहा दशांश युनिट, पण तत्त्वाचा प्रश्न युनिटात मोजत नाहीत. विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत घेऊ असं ठरलं. ती 30 सप्टेंबरच्या आत भरते, आणि हा एप्रिल होता. तोवर तीनशे दोनने आपल्या गॅलरीतून चकरीवाली एक्स्टेन्शन खाली सोडली. पहिल्याच झटक्याला त्यांच्या घरचा एमसीबी पडला, कारण वर त्याच सर्किटवर इडलीचं वाटण चाललं होतं. तेव्हा एक वेळापत्रक ठरलं. दुसऱ्या वेळी चकरीवर गुंडाळलेली उरलेली वायर गरम लागू लागली. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही, ती पूर्ण उलगडून ठेवायची असते, हे काकांनी गप्प न राहता सांगितलं. काका आता काहीच गप्प न राहता सांगत होते.

आणि मग तो क्षण. सांधा जुळलेला, हवा गेलेली, वर वाटण झालेलं. बाटलीत शॅम्पू आणि पाणी. तीनशे दोनने पवित्रा घेतला, घोडा दाबला, आणि गाडीवर ताक पडलं. पांढुरकं, पातळ, बॉनेटवरून झरझर ओघळून थेट चाकापाशी. बघणाऱ्यांतल्या एकाने सहानुभूतीने विचारलं, "असंच असतं का?"

असंच नसतं. बाटलीच्या पितळी डोक्यात एक बारीक भोक असतं. त्यातून पाणी वेगाने निघालं की तिथला दाब कमी होतो, खालून नळीतून शॅम्पू वर ओढला जातो, बाजूने हवा शिरते आणि पुढे तारेच्या जाळीच्या गुंडीवर हे सगळं आपटून फेस होतो. बाटल्यांना सहसा सव्वा मिलिमीटरचं भोक येतं. मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी फेकणाऱ्या मोठ्या यंत्राला ते ठीक. घरगुती यंत्र फेकतं सहा-सात लिटर. त्याला भोक 1.1 मिलिमीटरचं लागतं, नाहीतर जोर बसत नाही. सव्वा आणि 1.1 यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही. गाडीवर दिसतो. 1.1 च्या भोकाचा नवा तुकडा आला, जाळी धुऊन घेतली, शॅम्पू जरा सढळ हाताने ओतला, आणि त्याच्या पुढच्या रविवारी खरोखर चक्का पडला.

काय सांगावं! पोरं धावत आली. "बर्फ! बर्फ!" ज्यांना मनालीला नेण्याचं आश्वासन दोन वर्षं लांबलं होतं त्यांना ते पार्किंगमध्ये मिळालं. वायपर बुडाले, आरसे बुडाले, नंबर प्लेट बुडाली. पेपरवाला सायकल टेकून उभा राहिला. शेजारच्या सोसायटीच्या गॅलऱ्या भरल्या. ज्यांच्या तोंडून कधी कौतुकाचा शब्द निघाला नाही त्या चारशे एकनेही "हं" केलं, जे पुण्यात उभं राहून टाळ्या वाजवण्याच्या बरोबरीचं आहे.

फेस पाच मिनिटं तसाच राहू द्यायचा असतो, पण वाळू द्यायचा नसतो, म्हणून उन्हात हा प्रकार करायचा नाही. ही पाच मिनिटं मोठी अवघड. माणूस हातात पिस्तूल घेऊन उभा, करायला काही नाही, बघायला तीस लोक. इथे प्रत्येक जण आपापल्या वकुबाप्रमाणे वेळ भरून काढतो. तीनशे दोनने फोटो काढले. खरं सांगायचं तर फेस इतका जाड असायची गरज नसते. फेस भरपूर म्हणजे साफ भरपूर, ही आपली समजूत रिठ्यापासूनची आहे. रिठ्याचं पाणी घुसळून फेस आल्याशिवाय आजीचा हात दागिन्यांना लागत नसे. गाडीवरच्या फेसाचं खरं काम कमी देखणं आहे. तो धूळ भिजवतो, पृष्ठभागापासून सोडवतो, निसरडं करतो, म्हणजे नंतर कापड फिरवलं तर धुळीचे कण रंगावर चरे पाडत नाहीत. काळ्या गाडीवर उन्हात जी कोळ्याच्या जाळ्याची वर्तुळं दिसतात, ती वर्षानुवर्षं कोरडी धूळ पुसल्याची असतात.

आणि ती पुसतात मामा. मामा पहाटे पाचला येतात. एक बादली, एक फडकं, अख्खी बी विंग. पहिल्या गाडीला पाणी मिळतं. शेवटच्या गाडीला बाकीच्या गाड्या मिळतात. त्या दृष्टीने आमच्या सोसायटीत एक मोठाच बंधुभाव आहे, प्रत्येकाच्या गाडीवर प्रत्येकाची धूळ आहे. पण पाण्याचा हिशेब मांडायला बसलं की मामांपुढे सगळे हरतात. यंत्रवाले सांगतात, आम्ही पाणी वाचवतो. पाइप मोकळा सोडून धुणाऱ्याच्या तुलनेत हे खरं आहे. त्याचे दीडशे लिटर सहज जातात, यंत्राचा घोडा आठ मिनिटं दाबला तर पन्नास-पंचावन्न. मामांची बादली पंधरा लिटरची, भागिले अख्खी विंग. जे शहर पिण्याच्या पाण्यासाठी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांच्या टीएमसीवर डोळे लावून असतं, तिथे मामा हे जलनीतीचे आद्य पुरस्कर्ते आहेत. बेंगळुरूमध्ये 2024 च्या मार्चमध्ये पिण्याच्या पाण्याने गाड्या धुणाऱ्यांना पाच हजार रुपये दंड लावला गेला. मामांना तिथेही कुणी हात लावू शकलं नसतं.

तरीही पन्नास लिटर हा आकडा फक्त गाडीचा आहे, आणि यंत्रवाला माणूस गाडीवर थांबत नाही. गाडी झाली. मग पायातली रबरी मॅट. मग मुलाची सायकल. मग बायकोची स्कूटर, तिने नको म्हटलेलं असताना. मग पार्किंगमधले तेलाचे डाग, कुंड्या, जिन्याची पहिली पायरी, आणि मग, ज्या क्षणी कुणीतरी त्याला अडवायला हवं होतं तेव्हा, कंपाउंडची भिंत.

भिंत पावसाळ्यांच्या शेवाळ्याने काळी-हिरवी झालेली होती. इतक्या वर्षांत कुणाला तिचा मूळ रंग आठवत नव्हता. तीनशे दोनने पिस्तूल सहज तिकडे वळवलं आणि एक आडवा पट्टा ओढला. पट्ट्यातून पिवळा रंग निघाला. स्वच्छ, कोवळा, बिल्डरने ब्रोशरमध्ये छापला होता तसा पिवळा. सगळे बघत राहिले. एवढ्यात शॅम्पू संपला, वर जेवायला हाक आली आणि तो गेला.

आता हा पट्टा. काळ्या भिंतीवर हातभर पिवळा पट्टा, थेट गेटसमोर. त्याच्याआधी भिंत घाण आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं; आता गेटमधून आत येणाऱ्या प्रत्येकाला तीच दिसू लागली. पाहुणे विचारू लागले. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पट्ट्याचा फोटो पडला, खाली तीन मतं : पट्टा बुजवावा, भिंत पूर्ण धुवावी, तीनशे दोनकडून खर्च वसूल करावा. शेवाळं बुजवायचं कसं, हे पहिल्या मताच्या लोकांनी सांगितलं नाही. सेक्रेटरींनी चावी आपणहून आणून दिली. एवढंच नव्हे, लिफ्टच्या खोलीतला पॉइंटही उघडून दिला, सर्वसाधारण सभेच्या पाच महिने आधी. नव्वद फूट भिंत. हातभर रुंदीचे पट्टे. तीनशे दोनचे दोन रविवार त्यात गेले. गाडी धुळीने माखून शेजारी उभी होती, आणि तिच्यावर आता भिंतीचं शेवाळंही उडालेलं होतं.

हे सगळं मामा बघत होते. मामा सहसा बोलत नाहीत. पहाटे पाचला बोलायला कुणी नसतंच. भिंतीचा अर्धा भाग झाल्यावर त्यांनी बादली खाली ठेवली, जवळ आले आणि म्हणाले, "द्या बघू इकडं."

दिलं. मामांनी पिस्तूल हातात तोललं, पांढरी तोटी काढून हिरवी लावली, दोन पावलं मागे सरकले आणि भिंतीचा उरलेला भाग वरून खाली, एकसारख्या पट्ट्यांत, मध्ये रेघ न सोडता, चहा येण्याआधी संपवला. गाडीला फेस मारताना त्यांनी खालून वर मारला. का, असं तीनशे दोनने विचारलं. वरून मारला तर ओघळत खाली येतो आणि खालची घाण न भिजताच राहते, असं मामा म्हणाले. ही गोष्ट तीनशे दोनला अकराव्या व्हिडिओत कळली होती. फेस बसेपर्यंतची पाच मिनिटं मामांनी शेजारच्या गाडीची चाकं घासण्यात घालवली.

आता दर रविवारी सकाळी बी विंगमध्ये फोम वॉश असतो. यंत्र तीनशे दोनचं, शॅम्पू वर्गणीतून, मामांचे गाडीमागे दीडशे रुपये जादा. काका व्हर्निअर घेऊन खुर्ची टाकून बसतात आणि नव्या येणाऱ्या प्रत्येक तुकड्याचं माप घेतात. चारशे तीनने स्वतःची वेगळी बाटली मागवली, ती पंधराच्या पंथाची निघाली, त्यामुळे त्यांना आता अडॅप्टरसाठी तीनशे दोनशी गोड बोलावं लागतं. तीनशे दोन सात वाजता गमबूट आणि गॉगल घालून खाली येतो. दोन्ही त्याने मधल्या काळात मागवले. पिस्तूल मात्र त्याच्या हाती क्वचित लागतं. तो यंत्रापाशी उभा राहून जमलेल्यांना 130 बार म्हणजे किती ते समजावून सांगत असतो, कळसूबाईपर्यंत पोचलेला असतो, तेवढ्यात फेसाच्या पलीकडून मामांचा आवाज येतो :

"साहेब, वायर धरा जरा वर. ओली व्हाय लागली."